पटर नव्हे, आयर्न: महिला गोल्फमध्ये फटके वाचतात कुठे?

ऑगस्ट २०२१. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकचं पदक एका फटक्यानं हुकलं. गोल्फ कधी न पाहिलेली घरंही त्या सकाळी टीव्हीपुढे बसली होती. तिचा ड्राइव्ह, म्हणजे पहिला लांब फटका, इतरांच्या बराच मागे पडत होता, पण पटिंग, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर (ग्रीनवर) चेंडू घरंगळवत आत घालणं, अप्रतिम होतं. त्यावरून अनेकांनी ठरवून टाकलं, की हा खेळ पटरवरच, म्हणजे पटिंगच्या काठीवरच, जिंकतात.

महिला गोल्फचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. वर्षभरात दर फेरीमागे फटक्यांची सर्वांत कमी सरासरी राखणाऱ्या खेळाडूला एलपीजीए ही महिला व्यावसायिक गोल्फची अमेरिकी संघटना १९५३पासून वेअर ट्रॉफी देते. पहिली मानकरी पॅटी बर्ग, सरासरी ७५. स्वीडनच्या आनिका सोरेनस्टॅमनं २००२ मध्ये ती ६८.७० वर आणली. त्याआधी २००१ मध्ये फिनिक्सला तिनं एका फेरीत १३ बर्डी (होलच्या ठरावीक फटक्यांपेक्षा, म्हणजे पारपेक्षा, एक कमी) करत ५९ फटके नोंदवले होते. एलपीजीएवर ६० च्या आतली ती पहिली फेरी. तिची खरी ताकद आयर्नमध्ये, म्हणजे ग्रीनकडे चेंडू मारायच्या धातूच्या काठ्यांमध्ये, होती. पार-४ होलवर (चार फटक्यांत पुरा करायच्या) दुसऱ्याच फटक्यात चेंडू ग्रीनवर, तोही झेंड्याजवळ, आला की बर्डीसाठी पट छोटा उरतो आणि बोगीची (पारपेक्षा एक फटका जास्त लागण्याची) भीतीही जवळपास संपते.

पटिंगचं माहात्म्य वाढण्यात मोजण्याच्या पद्धतीचाही दोष होता. फेरीतले पट नुसते मोजले, तर ग्रीन चुकवून चिपनं (ग्रीनलगतच्या छोट्या फटक्यानं) चेंडू जवळ आणणारी खेळाडूही एका पटमध्ये सुटते आणि कागदावर पटिंगपटू ठरते. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी प्रत्येक फटक्याचं मोल, तो जिथून मारला त्या जागेवरून काढलं. पुरुषांच्या पीजीए टूरनं २०११ मध्ये आधी पटिंगसाठी ही पद्धत घेतली. एलपीजीएला मात्र तशी आकडेवारी मिळायला २०२१ उजाडलं. दहा वर्षं! हा उशीर मला आजही खटकतो.

त्याच वर्षाअखेरीस फ्लोरिडातल्या नेपल्सला को जिन-यंगनं मनगट दुखत असताना सलग ६३ ग्रीन ठरावीक फटक्यांत (पारपेक्षा किमान दोन कमी) गाठले, शेवटच्या फेरीत ६३ फटके खेळली आणि स्पर्धा जिंकली. अपवाद आहेतच: २०१३ मध्ये लागोपाठ तीन मेजर (सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकणारी इन्बी पार्क पटिंगसाठीच ओळखली जायची.

अदितीचं मोठेपण याच हिशेबात दिसतं. कोविडनंतर ताकद घटल्यानं ड्राइव्ह आखूड पडायचा, मग ग्रीनसाठी लांब पल्ल्याचा क्लब (काठी) काढावा लागायचा. तिथं गमावलेलं ती चारही दिवस पटरनं भरून काढत होती.