पनवेलचा बाक

रविवारी सकाळी ठाण्याहून कर्जत-कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सॅकवाल्यांचे घोळके हमखास भेटतात. कुणाला आसनगावला उतरून माहुली गाठायचा असतो, कुणाला वांगणीहून चंदेरी, कुणाला नेरळहून पेब. नवी मुंबईकर पनवेलमार्गे प्रबळगड, कलावंतीण, कर्नाळा गाठतात. सकाळी निघून रात्री घरी जेवायला परत, एवढ्या अंतरावर असे डोंगर असणं हे आपलं भाग्यच. पण यातला सगळ्यात बोलका डोंगर, पारसिकचा, कळवा-मुंब्रा दरम्यान खिडकीतून मागे पडतो आणि तेव्हा आपण बसायला जागा शोधत असतो.

मागच्या डिसेंबरात भाच्याला घेऊन पेबला निघाले होते. आठवीतला मुलगा, प्रश्नांची पोतडी. मुंब्र्याच्या आधी म्हणाला, "आत्या, हा डोंगर तिरका काय गं?" मी बरीच वर्षं हा डोंगर रोज पाहते, पण असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. बाटलीतल्या पाण्याची रेघ लावून पाहू म्हटलं, पण गाडीत पाणी हिंदकळतं, म्हणून आम्ही मुंब्र्याला उतरलोच. अर्धी भरलेली पारदर्शक बाटली त्याने आडवी धरली, एक डोळा मिटला आणि पाण्याची रेघ डोंगरातल्या कातळपट्ट्यांशी जुळवून पाहिली. जुळेना. पाणी समतल, आणि पट्टे कळव्याच्या, म्हणजे खाडीच्या बाजूला उतरलेले. बाटली जरा तिरपी कर असं मी म्हटलं, तर म्हणाला, "पाणी सरळच राहणार ना. डोंगरच कलंडलाय."

खरंच कलंडला आहे. पावसाळ्यात गवतामुळे हे दिसत नाही. गवत वाळलं, की मुंब्र्याच्या देवीच्या डोंगराचे काळे कडे आणि त्यांच्या मधले मातकट पट्टे वेगळे उठून दिसतात. पारसिकची रांग उत्तर-दक्षिण आहे आणि मुंब्र्याला तिचं उत्तरेचं टोक कापल्यासारखं समोर येतं. केकचा तुकडा कापल्यावर थर दिसावेत, तसं.

हे थर लाव्हाचे आहेत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. शंकूच्या आकाराचा, तोंडातून आग ओकणारा ज्वालामुखी इथे डोळ्यांसमोर आणू नये. आपल्याकडचा लाव्हा पातळ होता. घावनाचं पीठ तव्यावर आपोआप पसरतं तसा तो पसरत गेला आणि थिजला. मग त्यावर दुसरा थर, तिसरा, असे शेकडो. यातला बहुतेक लाव्हा भूशास्त्राच्या हिशेबाने फार थोड्या काळात, दहा लाख वर्षांच्या आत-बाहेर, ओतला गेला. आज उरलेला भाग सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग त्यावरच बसला आहे. याला दख्खन ट्रॅप म्हणतात आणि ट्रॅप हा शब्द जिन्याच्या स्वीडिश नावावरून आला. ज्याने एकदा माहुलीची चढण चढली आहे, त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. घाम काढणारी खडी चढण, मग जरा दम खायला सपाटी, पुन्हा कातळ. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि टणक असतो, त्याचा कडा होतो. वरचा भाग बुडबुड्यांनी पोकळ झालेला, तो लवकर झिजतो आणि त्याची उताराची वाट होते. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटकरी लाल मातीचा पट्टा सापडतो. एक लाव्हा थिजल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, वरचा दगड कुजून माती झाली, आणि मग नव्या लाव्हाने तिच्यावर पांघरूण घातलं. असा पट्टा दिसला की मी त्यावर हात ठेवून क्षणभर थांबते. तो जमिनीचा पृष्ठभाग होता, त्यावर पाऊस पडला होता.

पेबच्या वाटेवर भाच्याला मुठीएवढा एक दगड मिळाला. काळपट, आणि अंगभर भोकं. थिजताना आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ती घरं. सगळी गोल नव्हती, बरीचशी एकाच दिशेला ताणलेली होती, कारण लाव्हा अजून सरकत असताना ती तयार झाली होती. काही भोकं रिकामी, काहींत पांढऱ्या दाण्यांची गच्च भरण. एका भोकात मात्र केसासारख्या बारीक पांढऱ्या सुया मध्याकडे तोंड करून उभ्या होत्या. आपल्याकडे लोक सरसकट गारा म्हणतात, पण यांतली बरीच खनिजं झिओलाइट गटातली असतात. लाव्हा थंड झाल्यानंतर दगडाच्या फटींतून कोमट पाणी झिरपलं, त्यात विरघळलेले क्षार पोकळीत साचून स्फटिक झाले. दगड पाहून झाल्यावर आम्ही तो होता तिथे ठेवला.

पेबवरून समोर माथेरान दिसतं, आणि इथे बाटलीचा प्रयोग पुन्हा केला तर उत्तर वेगळं येतं. पाण्याची रेघ आणि डोंगराचे पट्टे जवळपास जुळतात. माथेरानचा माथा, पलीकडे प्रबळगडाचा माथा, दोन्ही पाटासारखे सपाट. माथेरानची ती प्रसिद्ध लाल धूळ म्हणजे जांभा. लाखो वर्षांच्या पावसाने लाव्हातलं बाकी सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढं मागे राहिलं. माथेरान, प्रबळ, मलंगगड, माहुली हे आज एकमेकांपासून सुटे दिसतात. मूळचे ते एकाच अखंड पठाराचे भाग. नद्यांनी कोकणाच्या बाजूने पठार कुरतडत नेलं, सह्याद्रीचा कडा पूर्वेला मागे मागे हटत गेला आणि हे तुकडे मागे राहिले. नवरा-नवरीचे सुळके किंवा चंदेरीचा कातळ म्हणजे याच झिजेचा पुढचा टप्पा. पठाराची भिंत झाली, भिंतीचा सुळका.

आता दोन निरीक्षणं शेजारी ठेवा. माथेरानला थर आडवे, मुंब्र्याला समुद्राकडे झुकलेले. लाव्हा एकच, वयही साधारण तेच. म्हणजे मध्ये कुठेतरी हे सगळं थप्पीसकट वाकलं आहे. ही वाकण किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण जाते आणि तिला नाव मिळालं आहे पनवेलचं, पनवेल फ्लेक्शर. मी तिला पनवेलचा बाक म्हणते. तिच्या पूर्वेला थरांचा कल एखादा अंश, म्हणजे डोळ्यांना सपाटच. पश्चिमेला तो १०-१५ अंशांवर आणि काही जागी त्याहून बराच जास्त होतो. नवी मुंबई आणि ठाणे बाकाच्या कललेल्या बाजूला आहेत. रविवारी लोकलने चंदेरीला जाणारा माणूस हा बाक ओलांडून जातो आणि संध्याकाळी पुन्हा ओलांडून घरी येतो.

जमीन का वाकली? लाव्हाचा भर ओसरत होता त्या सुमारास भारताच्या पश्चिम कडेपासून सेशेल्सचा तुकडा फुटून दूर जाऊ लागला आणि मधल्या फटीत अरबी समुद्र उघडत गेला. खंडाची कड ताणली गेली, पातळ झाली, खाली बसली. कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ओढला की मध्ये कसा पातळ होऊन लोंबतो, तसं काहीसं. काही भूशास्त्रज्ञ म्हणतात की कड अखंड वाकली. काहींच्या मते खाली मोठे प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या चिरा, आहेत आणि त्यांवरून खडकाचे ठोकळे घसरताना कलंडले. मला हा वाद आवडतो, कारण तो सोडवण्याचा पुरावा आपल्या पायवाटांवर पडलेला आहे. ताण पडला तिथे उत्तर-दक्षिण भेगा पडल्या, त्यांत नवा लाव्हा घुसून थिजला. ओढ्यात उतरताना मध्येच काळ्या दगडाची एक सरळ भिंत आडवी यावी आणि तिच्यातले दगड सरपणाची मोळी रचल्यासारखे आडवे दिसावेत, तर ती अशी भरलेली भेग असू शकते. तिला डाइक म्हणतात. थिजताना लाव्हाला तडे जाऊन जे खांब होतात, ते थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात तयार होतात, म्हणून थरात ते उभे आणि डाइकमध्ये आडवे.

या भेगांचा आणखी एक पुरावा गरम आहे. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडं आहेत. तशीच कुंडं खाली पालीजवळ उन्हेऱ्याला आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यातही, सगळी किनाऱ्याला समांतर पट्ट्यात. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि भेगांतूनच वर येतं. ज्वालामुखी जागा आहे म्हणून पाणी गरम, हा समज चुकीचा आहे. जितकं खोल जावं तितकी जमीन तापत जाते, एवढं पुरतं.

खोल भेगा सोडल्या तर हा घट्ट कातळ पाणी फारसं पीत नाही, आणि पावसाळ्यात डोंगरात जाणाऱ्याने ही गोष्ट मनावर घ्यावीच. वर तासभर कोसळला की पाणी जिरत नाही, सरळ ओढ्यात येतं. खारघरचा पांडवकडा धबधबा १०० मीटरहून उंच कातळावरून पडतो. त्याच्या पायथ्याशी ऊन असताना वरच्या पठारावर ढग रिकामा होत असेल, तर खाली उभ्या माणसाला काही मिनिटांत कमरेइतकं पाणी लागतं. वनखाते तिथे पावसाळ्यात बंदी घालतं, त्याचं कारण हे. दुसरा धोका मातीचा. कातळाच्या पायरीवर साठलेली भुसभुशीत माती आणि दगडगोटे पाण्याने जड होतात, खाली टणक घसरगुंडी तयारच असते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी अशाच दरडीखाली गेली. त्या वाडीत कितीतरी जणांनी चहा प्यायला होता, गडाची वाट विचारली होती. जुलैत दोन-तीन दिवस सलग झड लागली असेल, तर मी उतारावरच्या वाटांना जात नाही, घरच्यांनाही जाऊ देत नाही.

पेबहून परतताना मुंब्र्याला गाडी वळली तेव्हा उन्हं पश्चिमेला होती आणि पारसिकचे पट्टे लख्ख दिसत होते. भाचा खिडकीशी. बाटली रिकामी झाली होती, म्हणून त्याने तळहात तिरका धरून डोंगराला लावला आणि विचारलं, "आत्या, हे खाली खाली जात राहिलं तर पुढे कुठे जातं?"

पुढे समुद्राखाली. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेलक्षेत्र आहे, १९७४ मध्ये तिथे तेल लागलं. ते तेल चुनखडीच्या थरांत आहे. ती चुनखडी साचली समुद्रात, आणि त्या गाळाच्या ढिगाखाली, खोलवर, बऱ्याच मोठ्या भागात हाच आपला काळा लाव्हा पसरलेला आहे.