संरक्षण संगणकाचे की त्यातल्या माहितीचे?

बॅलार्ड इस्टेटमधल्या एखाद्या कस्टम्स क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत आयातदाराचे इनव्हॉइस ईमेलने येते. त्यात मालाचा खरेदीभाव, परदेशी पुरवठादाराचे नाव आणि बँक खात्याचा तपशील असतो. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला जे हवे ते सगळेच. कारकून ती पीडीएफ ‘स्कॅन’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, न्हावा शेव्याला गेलेल्या सहकाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवतो, सहकाऱ्याचा फोन ती परस्पर क्लाउडवर चढवतो आणि संध्याकाळपर्यंत एका कागदाच्या पाच-सहा प्रती झालेल्या असतात. कचेरीत फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी नको ती वाहतूक अडवणारी व्यवस्था असते, अँटिव्हायरसचे पैसेही वेळेवर भरलेले असतात; पण यातल्या निम्म्या प्रती त्या बंदोबस्ताच्या बाहेरच असतात.

नेटवर्कच्या सीमेवर विसंबून भागणार नाही, हा विचार 2004 साली स्थापन झालेल्या जेरिको फोरम या गटाने हिरिरीने मांडला होता. 2013 मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीत चोर शिरले ते वातानुकूलनाचे काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या लॉगिनने, आणि सुमारे 4 कोटी कार्डांची माहिती घेऊन गेले. चोर कधीतरी आत येणारच असे गृहीत धरून, हाती लागलेली माहिती त्याच्या उपयोगाची राहू नये अशी तजवीज करणे, हे माहितीकेंद्री सुरक्षेचे सूत्र आहे. चेकवर दोन रेघा मारून ‘अकाउंट पेयी’ लिहिले की तो कोणाच्याही हाती पडला तरी काउंटरवर वटत नाही. बंधन चेकसोबतच फिरते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपण रोज वापरतो. फोर्टमध्ये मुख्यालय असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2022 पासून ऑनलाइन दुकानदारांना ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवता येत नाही. त्यांच्याकडे राहते ते टोकन, म्हणजे त्या कार्डासाठी आणि त्या दुकानदारासाठीच तयार केलेला पर्यायी क्रमांक. खरा क्रमांक कार्ड नेटवर्क किंवा बँकेकडे असतो, त्यामुळे दुकानदाराचा सर्व्हर फुटला तरी ते टोकन दुसरीकडे चालत नाही.

जिथे मूळ माहिती जवळ ठेवणे भागच असते, तिथे ती कूटबद्ध करावी लागते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलावी लागते. 2001 मध्ये प्रमाणित झालेल्या एईएस या पद्धतीत 256 बिटांची किल्ली वापरली, तर संभाव्य किल्ल्यांची संख्या 78 आकडी होते. एकेक किल्ली लावून पाहणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. चोरही त्या वाटेला जात नाहीत, ते किल्ली कुठे ठेवली आहे ते शोधतात, आणि पुष्कळदा ती शेजारच्याच एक्सेल फाइलमध्ये सापडते. प्रत्येक अशिलाच्या फाइलींना वेगळी किल्ली दिली आणि किल्ल्या फाइलींपासून दूर ठेवल्या, तर आणखी एक सोय होते: अशील सोडून गेला की किल्ली नष्ट करायची, मग जुन्या बॅकअपमधल्या त्याच्या कूटबद्ध प्रतीही निरुपयोगी होतात. अर्थात, चुकून किल्ली हरवली तरी परिणाम तोच.

माझ्या मते मात्र कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधीचे काम अधिक मोलाचे आणि बरेच कंटाळवाणे आहे: कोणती माहिती कुठे आहे, कोणाला लागते आणि कधीपर्यंत लागते याची यादी करणे. ती करताना निम्मी माहिती ठेवण्याचे कारणच उरलेले नाही असे लक्षात येते. ओळखीसाठी शेवटचे चार आकडे दाखवणारे मास्क्ड आधार पुरत असताना पूर्ण आधारची झेरॉक्स कपाटात साठवण्यात काहीच हशील नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. ज्याला फाइल उघडण्याचा अधिकार आहे, त्याने पडद्याचा फोटो काढला तर कूटलेखन काही करू शकत नाही. तिथे कोणी काय उघडले याची नोंदच कामी येते. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार अशा नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. व्यक्तिगत माहिती पुरेशी न जपल्यास 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कोणाची कोणती माहिती गेली, हे त्या 6 तासांत सांगायचे तर यादी आधीच तयार असावी लागते.