केतकरांचा ज्ञानकोश आणि वाईचा विश्वकोश: कोणता प्रश्न कुठे विचारायचा

संदर्भ विभागात दोन्ही संच बहुधा शेजारी शेजारी असतात. दोन्ही जाडजूड, दोन्ही मराठीत, आणि दोन्ही घरी न्यायला मिळत नाहीत. त्यामुळे 'ज्ञानकोश' आणि 'विश्वकोश' ही एकाच संचाची दोन नावं आहेत असं पुष्कळ विद्यार्थी धरून चालतात आणि जो खंड हाताला लागेल त्यातून टिपणं काढतात. प्रत्यक्षात दोन्ही संचांत अर्ध्या शतकाचं अंतर आहे.

'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात तडीला नेला. एकूण २३ खंड. त्यासाठी त्यांनी कंपनी काढून भागभांडवल उभं केलं होतं, सरकारच्या भरवशावर ते थांबले नाहीत. पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड आहेत. त्यांत 'हिंदुस्थान आणि जग', 'वेदविद्या' असे सलग विवेचन करणारे ग्रंथ येतात. नवखा वाचक पहिला खंड उघडून 'अ' शोधत बसतो, पण वर्णानुक्रम सुरू होतो सहाव्या खंडापासून.

'मराठी विश्वकोश' हा महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरचा सरकारी उपक्रम. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि काम चालायचं वाईत. पहिला खंड १९७६ साली निघाला. नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथ आणि लेखकाचं नाव दिलेलं असतं. नोंद वाचून झाली की नजर तिथे न्यायलाच हवी, कारण पुढचं वाचन कुठून सुरू करायचं ते तिथेच कळतं.

आता प्लूटोचं उदाहरण घ्या. तो सापडला १९३० साली, म्हणजे केतकरांचा कोश पुरा झाल्यावर. तिथे तो मिळणारच नाही. विश्वकोशात तो आहे, पण 'प'च्या नोंदी २००६च्या कितीतरी आधी छापल्या गेल्या. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळलं ते २००६ साली. दोन्ही कोश आपापल्या काळाशी प्रामाणिक आहेत. आपण छपाईचं साल न पाहता वाक्य उतरवलं तर चूक आपली.

विश्वकोशाची एक गोष्ट फार कमी जण ध्यानात घेतात. त्याचे खंड कित्येक दशकं निघत राहिले. म्हणून 'अ'ची माहिती आणि 'ह'ची माहिती एका वयाची नाही. अंतराळाविषयी 'अ'च्या खंडात शोधलं, तर २००८चं चांद्रयान त्यात कुठून असणार? संच एक असला तरी प्रत्येक खंडाचं साल वेगळं पाहावं लागतं.

मग केतकर जुने म्हणून बाजूला ठेवायचे का? मुळीच नाही. औंध, सांगली अशी संस्थानं केतकरांच्या काळी नांदती होती. १९४८च्या विलीनीकरणानंतर लिहिणाऱ्याला ती इतिहास म्हणूनच दिसणार. शंभर वर्षांपूर्वीचा सुशिक्षित मराठी माणूस जगाकडे कसा बघत होता, जातींविषयी काय समजत होता, हे तपासायचं असेल तर केतकरांइतका भरघोस ऐवज दुसरीकडे सहजी मिळत नाही. मात्र तिथली जातीविषयक विधानं त्या काळचा पुरावा म्हणून वाचायची, आजचं ज्ञान म्हणून उचलायची नाहीत. औषधोपचार, विज्ञान, लोकसंख्या यांसाठी तर तिकडे जाऊच नये.

दोन्ही कोश इंटरनेटवर आले ही मोठीच सोय झाली. गावातल्या ज्या मुलाला हे खंड कधी हाताळायला मिळाले नसते, त्याच्या मोबाइलवर ते उघडतात. पण पडद्यावर कागदाचा पिवळेपणा दिसत नाही. शंभर वर्षांपूर्वीची नोंद आणि कालची बातमी एकाच टाइपात समोर येते. म्हणून ऑनलाइन नोंद वापरताना ती कोणत्या खंडातली आहे ते आधी शोधा आणि त्या खंडाचं साल ग्रंथालयातल्या छापील प्रतीवरून टिपून घ्या. सापडलं नाही तर ग्रंथपालांना विचारा, त्यांना हे विचारलेलं आवडतं. नव्या विषयांसाठी विश्वकोश मंडळाच्या विषयवार ज्ञानमंडळांच्या, म्हणजे एकेका विषयाच्या तज्ज्ञगटांच्या, नोंदी पाहा. तिथे लेखकाबरोबर समीक्षकाचंही नाव असतं. प्रकल्पात संदर्भ देताना नुसतं 'विश्वकोश' लिहू नका, नोंदीचं नाव, लेखक, खंड आणि साल एवढं तरी लिहा.