मल-परीक्षा, आंत्रपरजीवींसाठी

आतड्यातील आदिजीव (एकपेशीय जीव) व कृमी यांच्या पुटी (कवचबद्ध अवस्था), अंडी, अळ्या किंवा हालचाल करणाऱ्या अवस्था शौचाच्या नमुन्यात शोधण्याची प्रयोगशालेय तपासणी. कोणतीही एक पद्धत सर्व परजीवींना पुरत नाही. म्हणून ‘परजीवी आढळले नाहीत’ हा शेरा वाचताना नमुना किती ताजा होता व कोणती पद्धत वापरली, हे पाहावेच लागते.

पातळ शौच अर्ध्या तासात व अर्धवट घट्ट शौच तासाभरात तपासावे; अमीबाची हालचाल त्यानंतर मंदावते व पेशी फुटू लागतात. नमुन्यात लघवी मिसळली तरी हेच होते. जिआर्डिया या आदिजीवाच्या पुटी रोज पडत नाहीत, म्हणून दहा दिवसांत एक दिवसाआड तीन नमुने घेतात.

प्रत्यक्ष तपासणीत काचपट्टीवर एकीकडे 0.85 टक्के मिठाचे द्रावण व दुसरीकडे आयोडीन घेऊन प्रत्येकात सुमारे 2 मिलिग्रॅम शौच कालवतात. थरातून छापील अक्षर वाचता आले पाहिजे. आयोडीनने पुटीतील केंद्रके स्पष्ट दिसतात, पण सजीव अवस्था मरतात. म्हणून मिठाची बाजू आधी पाहावी.

एन्टामीबा हिस्टोलिटिका या आमांशकारक अमीबाच्या ओळखीचा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. सारख्याच दिसणाऱ्या चार केंद्रकांच्या पुटींमागे रोगकारक व निरुपद्रवी अशा दोन जाती आहेत, हे फ्रेंच परजीवीशास्त्रज्ञ ब्रूम्प्टने 1925 मध्ये मांडले. ते बहुतेकांनी नाकारले. 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून विकरांच्या (एन्झाइमांच्या) अभ्यासाने त्याला बळ मिळत गेले आणि 1993 मध्ये डायमंड व क्लार्क यांनी एन्टामीबा डिस्पार ही जात वेगळी केली. आज ब्रूम्प्टचेच मत ग्राह्य धरतात. केवळ पुटी दिसल्यास अहवालात ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ असेच लिहावे. अमीबाच्या पोटात तांबड्या रक्तपेशी दिसणे हा रोगकारक जातीचा सबळ, तरी निर्विवाद नसलेला पुरावा होय. खात्रीसाठी प्रतिजन (परजीवीची प्रथिने ओळखणारी) किंवा पीसीआर (त्याचा डीएनए ओळखणारी) चाचणी लागते.

अल्प संख्येतील पुटी व अंडी संहतीकरणाने, म्हणजे नमुन्यातून एकत्र गोळा करून, सापडतात. रिची (1948) यांच्या फॉर्मॅलिन-ईथर पद्धतीत आता ज्वालाग्राही ईथरऐवजी बहुधा इथाइल ॲसिटेट वापरतात. गाळून धुतलेल्या गाळात 10 टक्क्यांचे 10 मिलि. फॉर्मॅलिन व 4 मिलि. इथाइल ॲसिटेट घालून नळी 30 सेकंद जोरात हलवतात आणि अपकेंद्री यंत्रात गुरुत्वाच्या 500 पट बलाने 10 मिनिटे फिरवतात. चार थर पडतात; तळाचा थर म्हणजे तपासायचा गाळ. चोथ्याची चकती काडीने कडेने सोडवून वरचे तीन थर एका झटक्यात ओततात व नळीची आतली बाजू कापसाने पुसतात. पुसणे राहिल्यास चोथा गाळात उतरतो व द्रावकाचे (इथाइल ॲसिटेटचे) थेंब पुटींसारखे भासतात. झिंक सल्फेटच्या (विशिष्ट गुरुत्व 1.18) तरंगण पद्धतीत चित्र स्वच्छ मिळते, पण झाकण असलेली अंडी व गोल जंताची (ॲस्कॅरिसची) अफलित अंडी तळाशीच राहतात. गाळ पद्धत अधिक भरवशाची वाटते.

काटो-कॅट्झ पद्धतीत 41.7 मिलिग्रॅम शौचातील अंडी मोजून 24 ने गुणतात; येणारी संख्या दर ग्रॅमची असते. या पद्धतीत वापरलेल्या ग्लिसरीनने अंकुशकृमीची (हुकवर्मची) अंडी तासाभरात दिसेनाशी होतात. पातळ शौचाला ही पद्धत चालत नाही.

क्रिप्टोस्पोरिडियम या आदिजीवासाठी सुधारित आम्लस्थायी रंजन (आम्लाने न निघणारा रंग देण्याची पद्धत) लागते. एन्टेरोबियस या सूत्रकृमीची (पिनवर्मची) अंडी शौचात क्वचितच मिळतात. सकाळी शौच-स्नानापूर्वी गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर चिकटपट्टी दाबून ती घेतात.