रोबोटिक व्हीलचेअर: बाजार वाढतो पैसे भरणाऱ्याच्या मागे

सेन्सरच्या मदतीने अडथळे ओळखणाऱ्या रोबोटिक व्हीलचेअरचा जागतिक बाजार वाढतो आहे, अशा बातम्या सतत येत असतात. ही खुर्ची परभणीच्या गल्लीत चालेल का, जालन्यात दुरुस्त होईल का, याचं उत्तर त्या बातम्यांत सापडत नाही. त्यासाठी खुर्ची इथवर कशी आली ते पाहावं लागतं. या प्रवासात शोध लावणाऱ्यांइतकंच खर्च उचलणाऱ्यांना महत्त्व आहे.

न्यूरेंबर्गचा घड्याळजी श्टेफान फार्फलर स्वतः दिव्यांग होता. 1655 मध्ये त्याने हाताने दांडा फिरवून चालवायची तीनचाकी बनवली. आपल्याकडे शिबिरांत मिळणाऱ्या तीनचाकीचं तत्त्व तेच आहे. 1933 मध्ये अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी पोलादी नळ्यांची, घडी होऊन मोटारगाडीत मावणारी खुर्ची काढली. सरकारी दवाखान्यांत दिसणारी साधी व्हीलचेअर आजही बहुतांशी त्याच धाटणीची असते.

खुर्चीला विजेची मोटार आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पूर्वी मणक्याला जबर मार लागलेला माणूस जंतुसंसर्गाने लवकरच दगावत असे. पेनिसिलिन आणि सुधारलेली शुश्रूषा यांमुळे असे सैनिक जगू लागले, पण ज्यांच्या हातांतही बळ उरलं नव्हतं त्यांना साध्या खुर्चीचा उपयोग नव्हता. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले जॉर्ज क्लाइन यांनी त्यांच्यासाठी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला विजेवर चालणारी खुर्ची तयार केली. दोन चाकांना दोन स्वतंत्र मोटारी आणि दिशा द्यायला जॉयस्टिक, ही मांडणी आजही टिकून आहे. खर्च सरकारचा होता. एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज यांच्या कंपनीने 1956 च्या सुमारास मोटारीच्या खुर्च्या बाजारात आणल्या.

त्यावर रोबोटचा थर चढला 1980 आणि 90 च्या दशकांत. मिशिगन विद्यापीठाच्या ‘नॅव्हचेअर’ला ध्वनिलहरींचे 12 सेन्सर होते, तर अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रविद्यापीठात ‘व्हीलस्ली’ बनली. दोन्हींत माणूस दिशा सांगतो आणि खुर्ची अडथळा टाळते. हे वाटून घेतलेलं नियंत्रण मला पूर्ण स्वयंचलित खुर्चीपेक्षा शहाणपणाचं वाटतं. हात थरथरतो किंवा नजर अधू आहे, अशा माणसाला मदत हवी असते, पण कुठे जायचं ते त्यालाच ठरवायचं असतं.

या खुर्च्या प्रयोगशाळेत का अडकल्या, ते सेन्सरकडे पाहिलं की कळतं. ध्वनिलहरी गोधडी, पडदा अशा मऊ वस्तूंत शोषल्या जातात आणि तिरक्या भिंतीवरून भलतीकडे परावर्तित होतात. इन्फ्रारेडला काच नीट दिसत नाही, काळा रंग फसवतो, आणि उन्हात तर तो जवळजवळ आंधळा होतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या 42 अंशांच्या दुपारी अंगणात त्याच्यावर विसंबता येणार नाही. एकाच पातळीवर फिरणाऱ्या लेझरला टेबलाचे पाय दिसतात, पण वरची फळी निसटते. सगळ्यांत अवघड म्हणजे खाली जाणारी पायरी. समोर भिंत असली की लहर परत येते. खड्डा असला तर काहीच परत येत नाही, आणि यंत्र त्याला मोकळा रस्ता समजतं.

पैशाचा धडा ‘आयबॉट’ने दिला. डीन केमेन यांची ही खुर्ची जिने चढायची, दोन चाकांवर तोल सांभाळत बसलेल्याला उभ्या माणसाच्या उंचीवर न्यायची. 2003 मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. किंमत सुमारे 25,000 डॉलर. 2006 मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य विम्याने ठरवलं की चार चाकांवर साधं चालण्यापुरतेच पैसे मिळतील. जिना चढणं आणि तोल सांभाळणं त्यात बसत नाही. 2009 मध्ये विक्री थांबली. उत्तम यंत्र होतं, वापरणारेही होते, पण बिल भरणारा नव्हता. नंतर ती नव्या कंपनीमार्फत परत आली.

जपानमध्ये उलट घडलं. 2000 साली सुरू झालेल्या दीर्घकालीन शुश्रूषा विम्यातून वृद्धांना मोटारीची व्हीलचेअर भाड्याने मिळते आणि भाड्याचा बराचसा भार विमा उचलतो. अशा बाजारात ‘व्हिल’ ही कंपनी वाढली. 2020 मध्ये टोकियोच्या हानेडा विमानतळावर तिच्या स्वयंचलित खुर्च्या प्रवाशांना गेटपर्यंत सोडू लागल्या. गुळगुळीत फरशी, ठरलेला मार्ग, आधी तयार केलेला नकाशा. रोबोटला असंच ठिकाण मानवतं. शिवाय मोबाइल आणि मोटारगाड्यांमुळे सेन्सर व लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे 8 कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे, आणि गरीब देशांत ती फार थोड्यांपर्यंत पोचते.

भारतात दिव्यांगांची साधनं बनवणारी कानपूरची सरकारी कंपनी एलिम्को 1972 मध्ये स्थापन झाली. अशी साधनं घ्यायला मदत देणारी केंद्राची एडिप योजना 1981 ची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या ‘निओमोशन’ने 2021 मध्ये 39,900 रुपयांची ‘निओफ्लाय’ व्हीलचेअर आणि 55,000 रुपयांचं ‘निओबोल्ट’ हे तिला जोडायचं मोटारीचं पुढचं चाक आणलं. यात रोबोट नाही, पण खडबडीत रस्त्याचा विचार आहे. सध्या आपल्याला हीच दिशा उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे.

कारण इथल्या अडचणी फार जमिनीवरच्या आहेत. आंतरराष्ट्रीय चाचणीत खुर्ची 12 मिलिमीटर उंचीच्या पट्ट्यांवरून 2 लाख वेळा जाते आणि 5 सेंटिमीटरवरून 6,666 वेळा आपटली जाते. काळ्या मातीचा चिखल मात्र त्या चाचणीत नाही. तो पुढच्या लहान चाकाच्या काट्यात भरला की चाक वळत नाही, मोटारीवर ताण येतो आणि कंट्रोलर, म्हणजे मोटारीची वीज सांभाळणारा भाग, बंद पडतो. जुन्या वाड्याचा उंबरा 5-6 सेंटिमीटरपेक्षा उंच असेल तर बहुतेक खुर्च्या अडतात. ओटा 15 सेंटिमीटर उंच असेल, तर 1:12 च्या उतारासाठी 180 सेंटिमीटर लांब रॅम्प लागतो. म्हणून खुर्ची घेण्याआधी दाराची मोकळी रुंदी मोजावी. खुर्ची साधारण 60 ते 65 सेंटिमीटर रुंद असते.

खुर्ची हलत नसेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी मोटारीजवळचा ब्रेकचा खटका पाहावा. ढकलून नेताना तो सोडलेला राहतो, आणि मग कंट्रोलर चालूच देत नाही. जॉयस्टिकवर हात ठेवून स्विच लावला तरी तो चूक दाखवतो. मोटारीतले कार्बन ब्रश झिजले असतील तर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम होतं. सेन्सर किंवा कंट्रोलरचा बोर्ड मात्र कंपनीकडेच पाठवावा लागतो.

खरा खर्च बॅटरीचा. 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्ट मिळतात. 35 अँपिअर-तास क्षमतेच्या जोडीला 5 अँपिअरच्या चार्जरवर आठेक तास लागतात. रात्री लाईट गेली की चार्जिंग अर्धवट राहतं, लेड-ॲसिडच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि उष्णता उरलेलं आयुष्य खाते. जोडीतली एकच बॅटरी बदलली तर जुनी नवीलाही ओढते, म्हणून जोडीच बदलावी. रोजच्या वापरात अशी जोडी दीड-दोन वर्षं टिकते. एडिपच्या 2014 च्या नियमांत मोटारीच्या तीनचाकीला किंवा व्हीलचेअरला 25,000 रुपयांपर्यंत मदत होती, दहा वर्षांतून एकदा. त्या दहा वर्षांत बॅटरीची जोडी चार ते सहा वेळा बदलावी लागते, आणि तो खर्च घरच्यांना करावा लागतो.