एच-इंडेक्सचा चौरस आणि लंडनच्या बसचा जिना

दरवर्षी पावसाळा सरता सरता वर्तमानपत्रांत एक बातमी येते: जगातल्या आघाडीच्या २ टक्के शास्त्रज्ञांत आपल्या भागातल्या अमुक प्राध्यापकांचा समावेश. सत्कार होतात, फ्लेक्स लागतात. त्या प्राध्यापकांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण यादी नेमकं काय मोजते, हे बातमीत कुठेच नसतं. स्टॅनफर्डचे जॉन इओनिडिस आणि त्यांचे सहकारी ती तयार करतात आणि तिचा सगळा आधार सायटेशनवर आहे. तुमच्या निबंधाचा उल्लेख इतरांच्या संदर्भयादीत किती वेळा आला, त्याची ही मोजदाद. तिच्या सहा घटकांपैकी एक म्हणजे एच-इंडेक्स, आणि तो मला मनापासून आवडतो, कारण त्याच्या पोटात सुंदर गणित आहे.

२००५ मध्ये कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो सुचवला. समजा, एका संशोधिकेचे सात निबंध आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, २२, ९, ६, ५, ३ आणि १ सायटेशन मिळाली. चौकटीचा कागद घ्या. प्रत्येक निबंधासाठी शेजारी शेजारी एकेक उभा स्तंभ काढा, जितकी सायटेशन तितक्या चौकटी उंच. डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या पायऱ्या दिसतील. आता डाव्या-खालच्या कोपऱ्यातून या पायऱ्यांच्या आत मावेल असा मोठ्यात मोठा चौरस आखा. त्याची बाजू येते ५. पाच निबंधांना किमान पाच सायटेशन आहेत, सहाव्याला सहा नाहीत. हाच तिचा एच-इंडेक्स.

अशा चौरसाला गणितात ड्युर्फी चौरस म्हणतात, आणि तो हिर्श यांच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. एखादी संख्या लहान संख्यांच्या बेरजेत किती प्रकारे फोडता येते, हा जो विभाजनांचा प्रश्न, ज्याच्या उत्तराच्या फार जवळ जाणारं सूत्र रामानुजन आणि हार्डी यांनी १९१८ मध्ये दिलं, त्याच प्रांतातला हा चौरस. एकूण सायटेशनच्या संख्येला 'न' म्हणू; तिची सगळी विभाजनं सारख्याच शक्यतेची धरली, तर चौरसाची बाजू साधारण ०.५४ गुणिले 'न'चं वर्गमूळ इतकी येते. हा ०.५४ म्हणजे ६ चं वर्गमूळ गुणिले २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले पाय (π). आपल्या उदाहरणात बेरीज ८६, वर्गमूळ सुमारे ९.२७, गुणाकार ५.०. तंतोतंत! म्हणजे एकूण बेरीज कळली की एच-इंडेक्सचा बराचसा अंदाज आलाच. तो फार नवं काही सांगत नाही. मात्र एकच स्तंभ फार उंच असेल तर हा अंदाज चुकतो: पहिला स्तंभ ४० वरून ४०,००० वर नेला तरी चौरस पाचाचाच राहतो.

असा उत्तुंग स्तंभ आरोग्य-मानसशास्त्रात खरोखर आहे. आयझेक आयझेन यांचा १९९१ चा 'नियोजित वर्तना'चा निबंध. माणसाचा दृष्टिकोन, भोवतालच्यांची अपेक्षा आणि 'हे मला जमेल' ही भावना यांतून इरादा बनतो आणि इराद्यातून कृती, असं तो मांडतो. गूगल स्कॉलरवर त्याची सायटेशन लाखाच्या पुढे आहेत. लोक व्यायाम का करतात किंवा का टाळतात यावर लिहिणाऱ्याला तो टाळता येत नाही. त्याच्याशी असहमत असणाराही त्यालाच उद्धृत करतो, आणि मोजणीत दोघं सारखेच.

शारीरिक हालचालींच्या संशोधनात तर साधनांची चलती आहे. 'गेल्या सात दिवसांत तुम्ही किती चाललात?' असं विचारणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीची १२ देशांतली चाचणी २००३ मध्ये छापली गेली. ती वापरणाऱ्या प्रत्येकाने तो निबंध उद्धृत करायचा, हा शिरस्ता. म्हणून तिची सायटेशन हजारोंनी आहेत. शिवाय ज्या क्षेत्रात निबंध भरपूर आणि संदर्भयाद्या लांब, तिथे सगळ्यांच्याच वाट्याला जास्त सायटेशन येतात. गणितज्ञाचा आणि आरोग्य-मानसशास्त्रज्ञाचा एच-इंडेक्स शेजारी ठेवून नेमणूक ठरवणं हे पत्रिकेतले छत्तीस गुण मोजून लग्न ठरवण्याइतकंच निराधार आहे. आकडा आहे म्हणून ते विज्ञान होत नाही.

मग विज्ञान कसं असतं? शारीरिक हालचालींच्या संशोधनाचा पाया घालणारे ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांचंच पाहा. १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या अभ्यासात त्यांनी लंडनच्या दुमजली बसवरची माणसं तपासली. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला. मॉरिस तिथे थांबले नाहीत. मुळात सडपातळ माणसंच कंडक्टर होत असतील तर? त्यांच्या गटाने गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कमरेची मापं पाहिली. ड्रायव्हरांच्या कमरा खरंच जास्त होत्या, तरुण वयातसुद्धा. १९५६ मध्ये त्यांनी आपल्याच निष्कर्षावरची ही शंका छापून टाकली. पुढच्या तपासात कमरेच्या मापानुसार गट पाडले, तेव्हा सडपातळ, मध्यम आणि जाड अशा तिन्ही गटांत कंडक्टरच सुरक्षित निघाले.