अर्ध्या अंशाची चूक: काच आणि बंपर बदलल्यानंतर गाडीच्या सेन्सरचे कॅलिब्रेशन

सोलापूरहून मोहोळकडे जाताना पुढच्या डंपरच्या चाकाखालून उडालेला खडीचा तुकडा दर्शनी काचेवर आपटतो आणि उन्हात तापलेल्या त्या काचेवरच्या ठिपक्याची संध्याकाळपर्यंत वीतभर रेघ होते, हा या भागातील गाडीमालकांचा नेहमीचा अनुभव आहे. विम्याच्या सर्व्हेयरला नुकसान दाखवायचे, काच बदलून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी गाडी घरी आणायची, एवढ्यावर हे काम पूर्वी संपत असे. २०२१ साली महिंद्रा एक्सयूव्ही ७०० आणि एमजी अ‍ॅस्टर या गाड्या बाजारात आल्या, त्यानंतर होंडा सिटी, टाटा हॅरियर, ह्युंदाई व्हर्ना अशा अनेक गाड्यांच्या वरच्या श्रेणींत चालक-साहाय्य प्रणाली, म्हणजे पुढचा धोका ओळखून स्वतः ब्रेक लावणारी आणि गाडी मार्गिकेत राखणारी ‘एडास’, मिळू लागली आणि या कामात एक टप्पा वाढला. तो टप्पा म्हणजे सेन्सरचे कॅलिब्रेशन, अर्थात सेन्सर नेमका कुठे रोखलेला आहे हे मोजून गाडीच्या संगणकाला नव्याने शिकवणे. नवी काच किंवा नवा बंपर नीट बसला म्हणजे दुरुस्ती संपली, ही समजूत अशा गाड्यांच्या बाबतीत धोक्याची आहे आणि त्या धोक्याचे कारण शाळेत शिकलेल्या साध्या भूमितीतून समजू शकते.

या प्रणालीचे मुख्य घटक दोन. पहिला घटक म्हणजे आतल्या आरशामागे, दर्शनी काचेला लागून बसवलेला कॅमेरा. रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे, वाहने, पादचारी आणि वेगमर्यादेच्या पाट्या तो ओळखतो. दुसरा घटक म्हणजे पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमागे दडलेला रडार. तो साधारणपणे ७६ ते ७७ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या, म्हणजे जेमतेम ४ मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. लहर परत येण्यास लागणाऱ्या वेळेवरून त्याला अंतर कळते आणि परतलेल्या लहरीच्या वारंवारतेत झालेल्या बदलावरून समोरच्या वाहनाचा सापेक्ष वेग कळतो. हा बदल ख्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ साली ताऱ्यांच्या प्रकाशासंदर्भात मांडलेल्या तत्त्वानुसारच होतो. काही गाड्यांत मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतही लहान रडार असतात आणि आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या वाहनाची सूचना ते देतात.

कॅमेऱ्याची अडचण अशी की रडारप्रमाणे त्याला अंतर थेट मोजता येत नाही. त्याच्या हाती असते ते केवळ सपाट चित्र. समोरच्या वाहनाची चाके रस्त्याला जिथे टेकलेली दिसतात, तो बिंदू क्षितिजरेषेच्या किती खाली आहे, यावरून तो अंतराचा अंदाज बांधतो. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर आहे आणि पुढे ५० मीटरवर उसाची ट्रॉली आहे, असे धरले तर ट्रॉलीच्या चाकाकडे जाणारी दृष्टिरेषा क्षितिजाच्या सुमारे दीड अंश खाली असते. आता कॅमेरा प्रत्यक्षात अर्धा अंश खाली झुकलेला आहे, पण गाडीच्या संगणकाला त्याची कल्पनाच नाही, असे समजा. तो दीड अंशाऐवजी एक अंश मोजेल आणि ५० मीटरवरची ट्रॉली सुमारे ७५ मीटरवर असल्याचे ठरवेल. कॅमेरा तेवढाच वर झुकला असेल, तर तीच ट्रॉली त्याला सुमारे ३७ मीटरवर भासेल आणि गाडी अकारण ब्रेक लावू शकेल. ताशी ९० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते, तेव्हा ७५ आणि ५० मधला हा फरक पुरत्या एका सेकंदाचा आहे. प्रत्यक्षातील प्रणाली वाहनाचा चित्रातील आकार, तो वाढण्याचा वेग आणि रडारचे माप यांचाही आधार घेत असल्याने दरवेळी एवढी मोठी चूक होतेच असे नाही. परंतु कॅमेऱ्याची दिशा ही या साऱ्या गणिताची पहिली राशी आहे आणि ती चुकली की पुढच्या प्रत्येक पायरीवर त्या चुकीची भरपाई करत बसावे लागते.

डाव्या-उजव्या दिशेतली चूक अधिक सहज लक्षात येण्याजोगी आहे. एक अंशाचा कल १०० मीटर अंतरावर १.७५ मीटर होतो. आपल्या महामार्गांवरील एका मार्गिकेची रुंदी साधारण ३.५ मीटर असते, म्हणजे ही चूक बरोबर अर्ध्या मार्गिकेची झाली. शेजारच्या मार्गिकेतून जाणारा टँकर आपल्याच पुढे आहे, असा रडारचा समज होऊ शकतो, किंवा खरोखर पुढे असलेले वाहन त्याच्या हिशेबात शेजारच्या मार्गिकेत जाऊ शकते. यातला दुसरा प्रकार मला अधिक गंभीर वाटतो, कारण अकारण लागलेला ब्रेक चालकाला निदान सावध करतो, पण न लागलेल्या ब्रेकची आगाऊ सूचना कोणीही देत नाही.

मग केवळ काच बदलल्याने एवढा कल कसा येतो, असा प्रश्न साहजिक आहे. दर्शनी काच ही प्रत्यक्षात दोन काचांची असते आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाडीचा थर असतो. कॅमेरा ज्या ब्रॅकेटमध्ये बसतो, ते ब्रॅकेट बहुतेक गाड्यांत या काचेलाच चिकटवलेले असते, म्हणजे काच बदलली की कॅमेऱ्याचे आसनही बदलते. शिवाय संपूर्ण काच पॉलियुरेथेन सीलंटच्या पट्टीवर टेकलेली असते आणि ही पट्टी हाताने भरताना कुठे थोडी जाड, कुठे थोडी पातळ होणे अटळ असते. दहा सेंटिमीटर लांबीच्या ब्रॅकेटचे एक टोक एका मिलिमीटरने वर राहिले, तर ५७ शतांश अंशांचा कल तयार होतो, म्हणजे वरच्या उदाहरणात धरलेल्या चुकीपेक्षाही थोडा जास्तच. कारागीर कितीही कुशल असला तरी एक मिलिमीटर डोळ्यांनी पकडता येत नाही, त्यामुळे येथे प्रश्न हातखंड्याचा नसून मोजमापाचा आहे.

यात काचेच्या प्रकाशीय गुणधर्माची भर पडते. काचेचे दोन्ही पृष्ठभाग परस्परांना तंतोतंत समांतर असतील, तर तिरपा आलेला किरण थोडा बाजूला सरकतो, पण त्याची दिशा कायम राहते. पृष्ठभाग किंचित जरी पाचरीसारखे असतील, तर दिशाच बदलते आणि काच जितकी तिरकी बसवलेली, तितका हा परिणाम वाढतो. म्हणूनच कॅमेऱ्यासमोरच्या काचेच्या भागाला वेगळे, कडक निकष लावले जातात. काही गाड्यांत वेगाचा आकडा चालकासमोरच्या काचेवर उमटतो, त्यांच्या काचेतला मधला थर तर मुद्दाम पाचरीच्या आकाराचा केलेला असतो. अशा गाडीला दिसायला तशीच पण साधी काच लावली, तर आकडा दुहेरी दिसतो. कॅमेऱ्यासमोरचा भाग निकषांत न बसणारी काच लावली, तर कॅलिब्रेशन पूर्ण होण्यातही अडथळा येऊ शकतो. काच स्वस्त मिळते म्हणून घेण्याआधी ती आपल्या गाडीच्या नेमक्या श्रेणीसाठी आहे का, हे विचारण्याचे कारण हे आहे.

डॅशबोर्डवर दिवा लागलेला नाही, म्हणजे सारे ठीक आहे, असा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. तो मान्य करता येत नाही. कॅमेऱ्याची वायर सुटली, सेन्सर बंद पडला किंवा चूक ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, तर संगणक दिवा लावतो. पण कॅमेरा उत्तम चालतो आहे, चित्र स्वच्छ आहे आणि फक्त त्याची दिशा थोडी चुकलेली आहे, अशा स्थितीत तक्रार करण्याजोगे काही संगणकाला दिसतेच असे नाही. गाडी चालता-चालता स्वतःला थोडेफार जुळवून घेण्याची सोय अनेक प्रणालींत असते, मात्र तिची कक्षा लहान असते आणि दुरुस्तीनंतरच्या कॅलिब्रेशनला पर्याय म्हणून ती दिलेली नसते.

बंपरची गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक दुर्लक्षित आहे. बंपरमागे रडार असतो, तेव्हा बंपरचे प्लॅस्टिक हे केवळ आवरण उरत नाही, ते रडारच्या लहरींच्या मार्गातली खिडकी होते. हवेत ४ मिलिमीटरच्या जवळपास असणारी लहर या प्लॅस्टिकमध्ये शिरल्यावर साधारण अडीच मिलिमीटरची होते. प्लॅस्टिकची जाडी या लहरीच्या अर्ध्या लांबीच्या पटीत असेल, तर पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी रद्द करतात आणि जवळजवळ सारी ऊर्जा पलीकडे जाते. उत्पादक हा हिशेब करूनच जाडी आणि रंगाचे थर ठरवतो. आता तडकलेला बंपर वितळवून जोडला, त्यावर पुट्टी भरली, घासली आणि वर मेटॅलिक रंगाचे आणखी दोन-तीन हात दिले, तर बाहेरून तो नव्यासारखा दिसेल, परंतु त्या जागी जाडी बदललेली असेल, पुट्टीचा पदार्थ प्लॅस्टिकहून निराळा असेल आणि मेटॅलिक रंगातले अ‍ॅल्युमिनियमचे सूक्ष्म कण लहरींचा काही भाग मागे फिरवत असतील. रडारचा पल्ला घटतो, किंवा लहर वाकून लक्ष्याची दिशाच थोडी चुकीची मोजली जाते. सोलापुरातील डेंटिंग-पेंटिंगच्या कारागिरांच्या हातात जुना बंपर पुन्हा उभा करण्याचे मोठे कसब आहे आणि साध्या गाडीत ते ग्राहकाचे हजारो रुपये वाचवते. रडारच्या समोरचा भाग मात्र या कसबातून वगळायला हवा. तेथे बंपर बदलणे, आणि रंगाच्या थरांबाबत उत्पादकाची मर्यादा पाळणे, हेच योग्य. आणखी एक बाब म्हणजे प्लॅस्टिकचा बंपर हलक्या धक्क्यानंतर पूर्ववत होतो, पण त्यामागचे रडारचे धातूचे ब्रॅकेट वाकलेलेच राहू शकते. म्हणून बाहेर ओरखडासुद्धा दिसत नसेल, तरी धक्का बसलेल्या जागी रडार असल्यास तपासणी करावी.

प्रत्यक्ष कॅलिब्रेशन पाहिले की त्यातला बराच वेळ संगणकावर नव्हे, तर फरशीवर जातो, हे लक्षात येते. प्रथम चारही टायरमधील हवा ठरलेल्या दाबाला आणली जाते. उत्पादकाच्या सूचनेनुसार टाकीतले इंधन पाहिले जाते आणि डिकी रिकामी केली जाते, कारण डिकीत चादरींची जड गाठोडी असतील, तर गाडी मागे बसते आणि पुढचा कॅमेरा आकाशाकडे पाहू लागतो. त्यानंतर व्हील अलाइनमेंट तपासतात. मागची चाके गाडीला ज्या दिशेने ढकलतात, तीच तिच्या प्रवासाची खरी दिशा असते. मागचा अ‍ॅक्सल किंचित वाकडा असेल, तर सांगाड्याची मध्यरेषा आणि ही दिशा एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून अनेक उत्पादक मापे या दिशेवरून घ्यायला सांगतात. मग गाडीच्या पुढच्या आणि मागच्या मध्यबिंदूंवरून ओळंबा सोडून किंवा लेझरने जमिनीवर रेषा आखली जाते, तिच्या आधाराने काळ्या-पांढऱ्या चौकटींचा टार्गेट बोर्ड ठरलेल्या अंतरावर व उंचीवर मिलिमीटरच्या हिशेबाने उभा केला जातो आणि रडारसाठी धातूचा परावर्तक ठेवला जातो. गाडीच्या संगणकाशी संवाद साधणारे स्कॅनर हे यंत्र गाडीच्या सॉकेटला जोडून आज्ञा दिली, की पुढचे काम काही मिनिटांत संपते.

येथे जागेचा प्रश्न येतो. आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजमध्ये धुण्याचे पाणी वाहून जावे म्हणून फरशीला नालीकडे उतार दिलेला असतो. मीटरमागे एक सेंटिमीटर एवढाच उतार धरला, तरी तो अर्ध्या अंशाहून अधिक भरतो. गाडी अशा उतारावर आणि बोर्ड सपाटीवर असेल, तर यंत्र ‘कॅलिब्रेशन पूर्ण’ असा संदेश देईल आणि चूक गाडीच्या स्मृतीत कायमची नोंदली जाईल. पत्र्याच्या शेडच्या फटींतून बोर्डावर पडणारे उन्हाचे पट्टेही कॅमेऱ्याला फसवतात. सपाट फरशी, समान प्रकाश आणि बोर्डामागे मोकळी भिंत असलेली खोली ही या कामाची पहिली गरज आहे, स्कॅनर त्यानंतर येतो.

काही गाड्यांत हे काम रस्त्यावर चालवून केले जाते, काहींत दोन्ही पद्धती लागतात. स्कॅनर जोडून गाडी ठरावीक वेगाने, ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावरून चालवायची आणि कॅमेऱ्याने स्वतः दिशा शिकून घ्यायची, असे रस्त्यावरच्या पद्धतीचे स्वरूप आहे. शहरातल्या पुसट पट्ट्यांच्या रस्त्यांवर ते साधत नाही, त्यासाठी चौपदरी महामार्गच हवा. वेळही निवडावी लागते. सकाळी लवकर नळदुर्गच्या बाजूला निघाले, तर सूर्य थेट कॅमेऱ्यासमोर येतो, संध्याकाळी पुण्याच्या बाजूला निघाल्यास तीच अडचण. एप्रिल-मे महिन्यांत दुपारभर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत काचेमागचा कॅमेरा एवढा तापू शकतो, की तो थंड होईपर्यंत प्रणाली स्वतःला तात्पुरती बंद ठेवते. हा बिघाड नव्हे, पण अशा वेळी कॅलिब्रेशन सुरू करण्यात अर्थ नसतो.

काच आणि बंपर यांखेरीज सस्पेन्शनचे काम, गाडीची उंची बदलणे किंवा एअरबॅग उघडण्याइतका अपघात यांनंतरही कॅलिब्रेशनची गरज असते, आणि काही गाड्यांत व्हील अलाइनमेंट बदलल्यावरही. नेमका नियम त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत असतो. विम्याच्या दाव्यात हा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच वेगळ्या ओळीत दाखवून घ्यावा, कारण काम झाल्यावर तो जोडायला गेल्यास वाद होतो. गाडी ताब्यात घेताना स्कॅनरचा छापील अहवाल मागावा आणि त्यात गाडीचा चॅसिस क्रमांक, तारीख, कोणते सेन्सर तपासले व कामाआधी आणि नंतर कोणते दोष नोंदलेले होते, हे पाहून घ्यावे. कॅलिब्रेशनसाठी पुण्याला जावे लागणार असेल, तर तोपर्यंत मार्गिका राखणारी आणि पुढच्या वाहनामागे आपोआप वेग जुळवणारी सुविधा बंद ठेवावी. आपत्कालीन ब्रेकची सुविधा अनेक गाड्यांत इंजिन पुन्हा सुरू करताच आपोआप चालू होते, त्यामुळे तिची स्थिती दरवेळी निघण्यापूर्वी स्क्रीनवर तपासावी लागते.